युरियाला शिव्या, पाचटाला काडी



रासायनिक खते बंद केली की जमीन आपोआप सुधारेल, असे सांगणारे मागील अंकातील पत्र वाचले. ऊस दरवर्षी शेतातली अन्नद्रव्ये उचलून कारखान्यावर नेतो. ती कुठून तरी परत द्यावीच लागणार. एकट्या शेणखतावर भागवायचे तर तेवढी जनावरे गोठ्यात उरली आहेत का?

खरा घोळ प्रमाणाचा आहे. २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांना अन्नद्रव्यानुसार अनुदान मिळते. युरिया त्यातून वगळला आणि त्याचा भाव सरकारने बांधून ठेवला. गोणी स्वस्त आणि पीक लगेच हिरवेगार, मग पालाशसाठी खिशात हात कोण घालणार? पत्रलेखकांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याआधी हा हिशेब पाहायला हवा होता.

आणि पाचटाचे काय? तोडणी झाली की हेक्टरी आठ-दहा टन पाचट पेटवले जाते. त्यातले बहुतेक नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातात. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकून तेच पाचट सरीत कुजवता येते. कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागते, म्हणजे पत्रलेखकांना नकोसा झालेला युरियाच इथे कर्ब वाढवायला हातभार लावतो!

चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे होऊन उसावर केवडा पडतो. तिथे नुसते ‘सेंद्रिय करा’ म्हणून चालत नाही. हिराकस शेणखतात मुरवून द्यावा लागतो.

– एक ऊस उत्पादक, सांगली जिल्हा