तेहतीस वर्षांची वाट

दीर्घकाळ वाट पाहून एखादे यश हाती आले, की माणसाला प्रथम कोणाची आठवण होते? बहुधा ते यश पाहावयास जे उरले नाहीत त्यांची. इटलीच्या दक्षिणेकडील नेपल्स शहरात याविषयी एक आठवण आजही सांगितली जाते. १० मे १९८७ रोजी तेथील नापोली या फुटबॉल संघाने देशाच्या साखळी स्पर्धेचे विजेतेपद प्रथमच मिळविले. संघाची स्थापना १९२६ ची. म्हणजे एकसष्ट वर्षांची प्रतीक्षा त्या दिवशी संपली. शहर आनंदाने न्हाऊन निघाले असता कोणीतरी दफनभूमीच्या भिंतीवर लिहून ठेवले, ‘तुम्ही कशाला मुकलात, हे तुम्हांला ठाऊक नाही!’

आपल्यापैकी अनेकांना फुटबॉल हा परका विषय वाटेल. परंतु साखळी स्पर्धेचे गणित व्यापारी माणसाला सहज उमगण्याजोगे आहे. येथे एका दिवसाच्या नशिबावर विजेता ठरत नाही. वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, आणि आठ-नऊ महिन्यांनंतर गुणांचा ताळेबंद. एका दिवसाचा गल्ला कितीही मोठा असला, तरी वर्षअखेरीचा हिशेबच खरा. म्हणूनच हे विजेतेपद मिळविणे अवघड, आणि ते हातून निसटल्याचे शल्य मोठे.

१९९० मध्ये दिएगो मॅराडोनाच्या संघाने दुसरे विजेतेपद आणले. पुढच्याच वर्षी तो निघून गेला आणि उतरती कळा लागली. कर्ज वाढत गेले, आणि २००४ मध्ये क्लबचे अक्षरशः दिवाळे वाजले. चित्रपटनिर्माते ऑरेलिओ दे लॉरेंतीस यांनी तो विकत घेऊन नव्याने उभा केला; पण आरंभ तिसऱ्या श्रेणीपासून करावा लागला. दिवाळे निघालेल्या पेढीची पायरी पुन्हा कोण चढतो, हे आपण जाणतो. येथे मात्र उलटे घडले. लहान गावांच्या संघांशी होणाऱ्या त्या सामन्यांपैकी काहींना पन्नास हजारांहून अधिक माणसे येऊन बसली. विजयाची आशा दूरच, प्रतिष्ठाही उरली नव्हती. तरी त्यांनी आपले खाते बंद केले नाही.

२००७ मध्ये संघ प्रथम श्रेणीत परतला. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याने तुरीनच्या बलाढ्य युव्हेंटसला त्याच्याच मैदानावर हरविले आणि अंतर केवळ एका गुणाचे राहिले. पुढच्याच आठवड्यात फ्लॉरेन्स येथे ०-३ असा पराभव झाला. वर्षअखेरीस ९१ गुण मिळूनही पदरी दुसरा क्रमांकच पडला. तोंडाशी आलेला घास निसटला, की दुःख उपाशी राहण्याहूनही तीव्र असते.

२०२२ च्या उन्हाळ्यात संघातील अनेक नावाजलेले खेळाडू सोडून गेले आणि चाहते रुष्ट झाले. त्यांच्या जागी ख्विचा क्वारात्सखेलिया हा जॉर्जियातील तरुण आला, ज्याचे नाव उच्चारणेही कोणाला जमत नव्हते. प्रशिक्षक लुचानो स्पालेती यांनाही साठी उलटून गेली तरी इटलीचे साखळी विजेतेपद कधी लाभले नव्हते. याच संघाने पाहता पाहता सर्वांना मागे टाकले. नेपल्सची माणसे आपल्यासारखीच दृष्ट लागण्याला भिणारी. विजयाआधी विजेतेपदाचे नावही ओठांवर न आणणारी. पण त्या वर्षी स्पर्धा संपण्याच्या कितीतरी आधीच गल्लीबोळांत निळ्या-पांढऱ्या पताका लागल्या.

३० एप्रिल २०२३ रोजी घरच्या मैदानावर विजय मिळताच सारे पूर्ण व्हावयाचे होते. शेवटच्या काही मिनिटांत सालेर्निताना संघाने बरोबरी साधली, आणि तेहतीस वर्षांत आणखी चार दिवसांची भर पडली. ४ मे रोजी सामना दूरच्या उदिने गावी होता. नेपल्समधील पन्नास हजारांवर माणसे आपल्या रिकाम्या मैदानात मोठ्या पडद्यांसमोर बसली. व्हिक्टर ओसिमेनच्या गोलाने १-१ अशी बरोबरी झाली, आणि तेवढी पुरेशी ठरली. त्या मैदानाला आता मॅराडोनाचे नाव आहे; तो स्वतः नोव्हेंबर २०२० मध्येच जगातून गेला होता.

अशा रात्री रडणाऱ्यांत दोन पिढ्या असतात. १९९० मध्ये जे तरुण होते ते आता पिते झाले होते; ज्या वडिलांचे बोट धरून ते प्रथम मैदानात गेले, त्यांतील कित्येक हयात नव्हते. मुलांनी मात्र तोवर केवळ कथा ऐकल्या होत्या. आनंदाच्या भरातही मनात एक विचार येतोच : या मुलांना आपण विजय देत आहोत, की वाट पाहण्याचे बळ देत आहोत?

प्रश्नाचे उत्तर लवकरच मागितले गेले. स्पालेती निघून गेले. पुढच्या हंगामात तीन प्रशिक्षक बदलले आणि विजेता संघ दहाव्या स्थानी घसरला. ज्यांनी केवळ विजय पाहिला होता त्यांना हा आघात वाटला असेल. ज्यांनी तिसरी श्रेणी पाहिली होती त्यांना दहावे स्थान म्हणजे काही संकट नव्हते. मे २०२५ मध्ये संघ पुन्हा विजेता झाला, तो अवघ्या एका गुणाने.

आपल्या घरांतही हेच घडते. भरल्या दुकानात जन्मलेल्या मुलाला आपण गल्ल्याच्या किल्ल्या देतो. पण आजोबांनी मंदीच्या वर्षांत रिकाम्या दुकानाचे दारही रोज वेळेवर कसे उघडले, हे सांगावयाचे राहून जाते. किल्ल्यांइतकीच ती गोष्टही वारसाच असते. बाजार फिरतो, तेव्हा मुलाला आधार देण्यास तीच उपयोगी पडते.

नेपल्सच्या त्या भिंतीची आठवण सांगणारे तिचा शेवटही सांगतात. दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली उत्तर उमटलेले दिसले, ‘आम्ही मुकलो, हे तुम्हांला कोणी सांगितले?’