गाडी रोज पुसणं बंद करा



आज विषय थोडा वेगळा आहे. स्वयंपाकघरातून थेट पार्किंगमध्ये. पण गाडीची स्वच्छता आता बऱ्याच घरांत आपल्याच अखत्यारीत आली आहे. दादांना पैसे आपण देतो, फडकी आपण देतो, आणि "आज गाडी नीट पुसली नाही" हा निरोपही आपणच धाडतो. म्हणून माझं मत आपल्यापुढेच मांडते: गाडी रोज पुसणं बंद करा. धुवायची तेव्हा नीट धुवा, एरवी धूळ राहू द्या.

निमित्त झालं आमच्या सोसायटीच्या मासिक बैठकीचं. एका सभासदाच्या काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायला लागले होते. पॉलिशवाल्याने हजारोंचा खर्च सांगितला आणि मागणी आली की गाड्या पुसणाऱ्या दादांचे पैसे कापा. दादा बिचारे दाराशी उभे. सकाळी सहा ते आठ या वेळात तीस गाड्या, हातात एक बादली आणि कुणाच्या तरी घरातला जुना टी-शर्ट. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली ती केवळ दया म्हणून नाही. हिशोबच तसा आहे.

गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती त्याची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. आता आपल्या पुण्याची धूळ बघा. जिकडे तिकडे बांधकामं, आणि नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून काळा दगड भरडून केलेली क्रश सँड वापरतात. तिचीच बारीक भुकटी उडून आपल्या बाल्कनीत, तुळशीवर आणि बॉनेटवर बसते. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी मोहची पट्टी आहे. तिच्यावर बेसॉल्टमधलं मुख्य खनिज ६ च्या आसपास येतं, आणि आपली नेहमीची सुरी साडेपाचच्या आसपास. म्हणजे जी धूळ आपण कोरड्या फडक्याने बॉनेटवर गोल गोल फिरवतो तिचा कण सुरीच्या पात्यापेक्षा कठीण असतो. नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? इथे तर ते रोज चालू आहे, आणि तेही पैसे देऊन.

ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का, असं बैठकीत एका काकूंनी विचारलं. एका बादलीत तीस गाड्यांची फडकी पिळली की दहाव्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे पातळ चिखलच होतो. तेव्हा ओलं असो वा कोरडं, रोज फडकं फिरवायचं म्हटलं की ओरखडा ठरलेलाच. यात दादांचा हात जड आहे की हलका, हा प्रश्नच येत नाही. त्यांना तीस गाड्या, दोन तास आणि एक बादली आपणच दिली. मग पैसे त्यांचे का कापायचे?

पॉलिश करून घेऊ, असंही काहींचं म्हणणं असतं. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा, म्हणजे ओरखडा दिसेनासा होतो. मुळात चाळीस-पन्नास मायक्रॉनचा थर, त्यातला थोडा प्रत्येक वेळी जातो. त्यामुळे दर दिवाळीला पॉलिश ही हौस गाडीला परवडत नाही.

मग धुवायची कशी? आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. उन्हात तापलेल्या गाडीवर नाही, सावलीत आणि बॉनेट गार असताना. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, हात न लावता. धूळ भिजून सुटू द्यायची. भिजवल्याशिवाय घासायचं नाही, हे करपलेलं पातेलं घासणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू घातलेलं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग सरळ रेषेत पुसायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून कचकच काढून टाकायची, आणि मगच पुन्हा शॅम्पूत. सरळ रेषेत अशासाठी की चुकून ओरखडा पडलाच तर तो सगळीकडून दिसत नाही, गोल मात्र कुठूनही उन्हात चमकतो. चाकांचं फडकं कायम वेगळं ठेवा. ब्रेकमधून लोखंडाची भुकटी निघते, ती रंगावर नको. फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं बाद. भांड्यांचा साबण वापरू नका, तो तेलकटपणाबरोबर वॅक्सही काढून नेतो.

वाळवताना घासू नका, टॉवेल पसरून टिपून घ्या. आणि लगेच टिपा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी बॉनेटवर तसंच वाळलं की पांढरे डाग राहतात, नळाच्या तोटीवर येतो तसला क्षार तो. तो काढायला पुन्हा घासावं लागतं.

टँकरचं पाणी म्हटलं की गाळणं आलं. आपण पाणी गाळतो ते जीवदयेसाठी. गाडीच्या बादलीवरही दुहेरी गाळणं धरा. टँकरबरोबर आलेली बारीक वाळूही त्यात अडकते, ती बघून घ्या एकदा. पाइप मात्र नको. पाइप सोडला की मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं, गाडी होईपर्यंत दीडशे लिटर कुठेच गेले. झारी आणि दोन बादल्यांत चाळीस-पन्नास लिटरमध्ये काम होतं. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत, त्यात विनाकारण पाणी सांडणं प्रमादचर्येत येतं. खडकवासल्याची पातळी उतरली की महापालिका पिण्याच्या पाण्याने गाड्या धुऊ नका म्हणून सांगते. आपल्याला ते महापालिकेने सांगेपर्यंत थांबायचं कारण नाही. रोज तीस गाड्यांना पाणी, आणि हाती येतात ओरखडे. याला अनर्थ नाही तर काय म्हणायचं?

आता खास आपल्यासाठी, कारण दुकानदार हे आपणहून सांगत नाही. गाडी टिपायचं "शॅमी" म्हणून जे कापड मिळतं ते मुळात मेंढी-बकरीचं मऊ कातडं. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम मिळतं, पण दोन्ही एकाच रॅकवर असतात, तेव्हा पाकीट वाचा. काही वॅक्समध्ये मधमाशीचं मेण असतं. ज्या घरात मध येत नाही त्या घराच्या गाडीवर ते कशाला? कार्नाउबा वॅक्स एका ताडाच्या पानांवरून निघतं, ते चालतं. सिंथेटिकही चालतं. चाकांच्या फटींसाठी काही डिटेलिंगवाले डुकराच्या केसांचे ब्रश वापरतात, आणि "नॅचरल ब्रिसल" एवढंच लिहिलेलं असतं. नायलॉनचा मऊ ब्रश मागा. गाडी बाहेर धुवायला देत असाल तर विचारायला लाजू नका.

आणि पाणी ओतण्याआधी खाली वाकून बघा. चाकाजवळ मुंग्यांची रांग असेल तर गाडी चार हात पुढे घ्या. साबणाचं पाणी त्यांना सोसत नाही.

पक्ष्याची विष्ठा, वर्षावृक्षाखाली पडणारा चिकट थेंब, समोरच्या बंपरवर चिकटलेले किडे, या तीन गोष्टींना मात्र आठवडा थांबता येत नाही. त्या रंगात उतरतात. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून द्या, भिजलं की अलगद उचला. नखाने खरवडू नका.

पूजेचंही बोलायला हवं. नवी गाडी आली की बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक आणि अक्षता, दसऱ्याला पुन्हा तेच. कुंकवात रंग असतो, पांढऱ्या गाडीवर गुलाबी डाग राहू शकतो. हळद उन्हाने फिकी होत जाते, कुंकवाचा तेवढा भरवसा नाही. चंदनाचा स्वस्तिक काढा, किंवा कुंकू काचेवर लावा. अक्षता वाळल्यावर फडक्याने झटकू नका, हाताने वेचून घ्या. दुसऱ्या दिवशी पाण्याने उतरवलं तर श्रद्धेला काही उणं येत नाही, असं मला तरी वाटतं.

बैठकीत शेवटी दादांचे पैसे कापले गेले नाहीत. ठरलं ते असं: महिन्याचे पैसे तेवढेच, गाडी आठवड्यातून दोनदा, मधल्या दिवशी फक्त काचा आणि आरसे. दोन बादल्या आणि मोजा ज्याचा त्याने द्यायचा. दोन घरांनी "मग पैसे कमी करा, दिवस कमी झाले ना" असं म्हटलं. मी त्याला विरोध केला आणि अजूनही करते. एका गाडीला आता चार मिनिटांऐवजी पंचवीस लागतात. हिशोब दिवसांचा कशाला, कामाचा करा. त्या दोन घरांचं अजून ठरलेलं नाही, पुढच्या बैठकीत विषय पुन्हा येणार आहे.