साचा मोडायला हवा

1954 साली बोइंगचं ‘डॅश 80’ उडालं, तेव्हापासून प्रवासी जेटचा साचा जवळपास तोच: लांब नळी, मागे झुकलेले पंख, खाली इंजिनं. आता अमेरिकेतली जेटझीरो ही कंपनी पंख आणि धड एकजीव असलेलं विमान बांधते आहे. इंधन निम्म्यावर आणू, असा तिचा दावा. 2023 मध्ये तिथल्या हवाई दलाने त्यासाठी 23.5 कोटी डॉलर मंजूर केले.

अडचणी खऱ्या आहेत. गोल नळी हवेचा दाब सहज पेलते, चपटं धड नाही. विमान वळलं की कडेचा प्रवासी पाळण्यासारखा वरखाली होणार. शिवाय नियमानुसार आणीबाणीत निम्मी दारं बंद असताना 90 सेकंदांत सगळे बाहेर पडायला हवेत. या नियमात सूट नकोच. तरीही हे विमान उडावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.