रानमधाला पाण्यावरून नापास करू नका

म्हैसूरला माझं रानमधाचं छोटं दुकान आहे. माल एच. डी. कोटे तालुक्यातल्या जेनू कुरुबा आदिवासींकडून येतो. गिऱ्हाईक मधात बुडवलेली काडी पेटवून बघतं, थेंब पाण्यात सोडतं. या कसोट्यांना काही अर्थ नाही. घट्ट साखरपाक त्यांत सहज पास होतो, पातळ रानमधच नापास होतो. हिमालयातल्या कीडाजडी या औषधी बुरशीत वजन वाढवायला काडी किंवा तार खुपसतात, ती मोडली की दिसते. मधातला पाक दिसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँड तपासले, तेव्हा भारतातल्या चाचण्यांत पास झालेले अनेक नमुने जर्मनीतल्या एनएमआर या प्रगत चाचणीत पकडले गेले.

आणि खरा मध? रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवा, उजेडाकडे धरा. आग्या माशीच्या मधात निळ्या-पांढऱ्यामधली रेघ पुष्कळदा २२-२३ टक्के पाण्यावर थांबते. कायद्याची मर्यादा २० आहे. म्हणजे जिवावर उदार होऊन उंच झाडावरून काढलेला मध नियमात बसत नाही. मग व्यापारी तो तापवून आटवतो, त्याचा वास जातो, आणि 'पातळ माल' म्हणून भाव पडतो तो झाडावर चढणाऱ्याचा.

आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्या मधाला त्याच नियमांत साखरेच्या प्रमाणात सवलत आहे. मग आग्या मधाला पाण्याच्या बाबतीत का नको? अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने त्याच्यासाठी वेगळी मर्यादा ठरवावी, आणि एनएमआर तपासणी म्हैसूरच्याच सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत आदिवासी संघांना परवडेल अशा दरात करून द्यावी.