जुन्या रथाची नवी धाव

पुण्याच्या एका वर्गणीदार भगिनींनीं आम्हांस सविस्तर पत्र पाठविलें आहे. त्यांचे धाकटे दीर नोकरीनिमित्त इंग्लंडांत लेस्टर येथें स्थायिक झाले असून गेल्या हिवाळ्यांत त्यांनीं जग्वार कंपनीची १९६३ सालची 'ई-टाइप' मोटार विकत घेतली. तिच्या चाकांवरचे टायर दिसण्यांत कोरे करकरीत, नक्षी पुरी शाबूत. मात्र ते केव्हांचे आहेत हें विकणाऱ्यासही सांगतां आलें नाहीं. येत्या उन्हाळ्यांत भाऊजींचा बेत सपत्नीक स्कॉटलंडपर्यंत जाण्याचा आहे, आणि टायरांवरून घरांत तीन पक्ष पडले आहेत. मामंजी म्हणतात, नक्षी शाबूत असतां वस्तु टाकणें ही उधळपट्टी होय. भाऊजी म्हणतात, मोटार ज्या सालची त्या सालचाच टायर तिला शोभतो. जाऊबाईंचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यावर आपण दोघें बसून जाणार तो वाटेंत फुटणार नाहीं याची कोणी हमी द्यावी. या तंट्याचा निवाडा भगिनींनीं आमच्याकडे मागितला आहे.

प्रस्तुत लेखकानें आयुष्यांत मोटार हांकलेली नाहीं, आणि या वयांत ती उमेदही नाहीं. परंतु चाक ही वस्तु आपल्या जुन्या ओळखीची आहे. नाभि, अर, नेमि हीं त्याचीं अंगें संस्कृतज्ञांस परिचित आहेतच. नेमीवर चढविलेल्या धातूच्या पट्टीस ऋग्वेदांत 'पवि' म्हटलें आहे, आणि तिलाच आपल्या खेड्यांतला लोहार 'धाव' म्हणतो. धाव तापवून लाल करावयाची, लांकडी घेरावर बसवावयाची आणि वर पाणी ओतावयाचें; लोखंड आक्रसतें आणि सगळें चाक आवळलें जातें. टायर ही रबराची धावच. फरक असा कीं, लोखंडी धाव झिजली म्हणजे डोळ्यांना दिसते, आणि रबराची धाव न झिजतांही मरते. मामंजींच्या मुद्द्याचें उत्तर या फरकांत असल्यामुळें तोच आधीं घेऊं.

कच्च्या रबरांत गंधक मिसळून तें तापविलें म्हणजे त्याचे सूक्ष्म तंतु एकमेकांस जखडले जातात आणि रबरास चिवटपणा येतो. पुढें हवेंतला प्राणवायु हें जखडण्याचें काम आपल्या मतानें चालूच ठेवतो. रबर कडक होतें, आणि ओझोन वायु त्याला बारीक भेगा पाडतो. यावर तोड म्हणून कारखानदार रबरांत मेण आणि इतर रक्षक द्रव्यें घालतात. टायर फिरतांना दबतो, ताणतो, आणि त्या हालचालीनें हीं द्रव्यें पृष्ठभागावर येत राहतात. मोटार उभी राहिली कीं हें येणें मंदावतें. म्हणजे गॅरेजांत आच्छादन घालून जपलेल्या मोटारीचे टायर जपले जातात ही समजूत खरी नव्हे. त्यांची नक्षी तेवढी जपली जाते.

हें केवळ रसायनशास्त्र नव्हे. २०१२ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील सरे परगण्यांत तरुण मंडळींना घेऊन परतणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली आणि तिघांचे प्राण गेले. तो टायर १९ वर्षांहून जुना होता. त्याची नक्षी मात्र कायद्याच्या मर्यादेंत होती. पुढें फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्यें लॉऱ्या व बसगाड्या यांच्या पुढच्या आंसावर दहा वर्षांहून जुना टायर घालण्यास मनाई झाली. खासगी मोटारींस तो नियम लागू नाहीं. पण रबराला मोटार कोणाची आहे हें कळत नाहीं.

वय ओळखण्याची खूण टायरवरच असते. त्याच्या बाजूच्या भिंतीवर, जिला आपण कूस म्हणूं, 'डीओटी' या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते. तिच्या अखेरचे चार आंकडे म्हणजे जन्मपत्रिका: २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही चार आंकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. तेथें तीनच आंकडे असले तर टायर त्यापूर्वीचा, आणि मग वाद खुंटला. पुष्कळदां हे आंकडे आंतल्या कुशीवर असतात. तेव्हां भाऊजींनीं दिवा घेऊन मोटारीखालीं वांकण्याचा आळस करूं नये. मामंजींची काटकसर आम्हांस मान्य आहे, परंतु जुन्या औषधाची बाटली भरलेली आहे म्हणून तें कोणी पोटांत घेत नाहीं.

आतां भाऊजींचा पक्ष. तो आम्हांस हास्यास्पद वाटत नाहीं. जुन्या पैठणीला यंत्रावरची जर जोडली तर जाणत्या बाईच्या डोळ्यांत ती खुपतेच, मोटारीचेंही तसेंच. परंतु 'त्या सालचा' याचा अर्थ काय, हें आधीं ठरविलें पाहिजे. त्या सालीं जन्मलेला, कीं त्या सालच्या रीतीनें घडविलेला? पहिल्या अर्थाचा टायर संग्रहालयांत ठेवावा. दुसऱ्या अर्थाचा टायर आज नवा मिळतो, कारण जुन्या घाटाचे टायर ताज्या रबरांत पुन्हां काढण्याचा धंदा आतां चांगला जम धरून आहे. मिशेलिन व पिरेली या कंपन्या स्वतःच आपले जुने नमुने काढतात.

१९६३ च्या ई-टाइपवर कारखान्यांतून डनलॉप कंपनीचे 'आरएस ५' नांवाचे, ६.४०–१५ मापाचे क्रॉस-प्लाय टायर येत. क्रॉस-प्लाय म्हणजे काय हें कळण्यास सुंभाची बाज डोळ्यांपुढें आणावी. एका थरांतल्या दोऱ्या तिरप्या जातात, दुसऱ्या थरांतल्या त्यांना छेदून उलट तिरप्या येतात. बाजेच्या एका कोपऱ्यावर कोणी बसलें कीं सगळी वीण हलते. तसेंच या टायरचें: वळणावर कूस वांकली म्हणजे तिच्याबरोबर जमिनीवरचा तळवाही मुरडतो, कारण दोन्ही एकाच विणीचे भाग आहेत. रेडियल टायरांत दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, चाकाच्या आऱ्यांच्या दिशेनें जातात, आणि तळव्याखालीं चाकाभोंवतीं पोलादाचा किंवा रेयॉनचा पट्टा आवळलेला असतो. कूस मऊपणें वांकते, तळवा सपाट टेकून राहतो. मिशेलिन कंपनींतल्या मारियुस मिन्योल यांच्या प्रयोगांतून हा टायर निघाला. १९४६ सालीं त्याचें पेटंट झालें आणि १९४९ मध्यें तो 'एक्स' या नांवानें बाजारांत आला. पिरेलीनें आपल्या रेडियलला 'चिंतुराटो' नांव दिलें. इटालियन भाषेंत 'चिंतुरा' म्हणजे कंबरपट्टा; तेव्हां या टायरचें संस्कृत नांव 'मेखलाधारी' असें करण्यास हरकत नाहीं.

ई-टाइप मोटारी १९६१ पासून १९७४ पर्यंत बनल्या, आणि ही टायरांची क्रांति नेमकी त्याच काळांत घडली. क्रॉस-प्लायवर जन्मलेल्या या मोटारीवर १९६०–७० च्या दशकाच्या मध्यास कारखान्यांतूनच १८५–१५ मापाचे रेडियल येऊं लागले. १९७१ च्या बारा सिलिंडरांच्या नमुन्यास त्याहून रुंद टायर आले. म्हणून १९६३ च्या मोटारीस १८५ व्हीआर १५ मापाचा रेडियल घातला तर तो धाकट्या बहिणीचा दागिना थोरलीनें घालण्यासारखा आहे. परक्या घरचा नव्हे. पिरेलीचा त्या मापाचा चिंतुराटो आज नवा मिळतो.

क्रॉस-प्लायची बाजू अगदींच लंगडी नाहीं. जागच्या जागीं चाक वळवितांना तो हलका लागतो, आणि घसरण्यापूर्वीं हळूहळू सूचना देत घसरतो. प्रदर्शनांत नेण्यासाठीं, गांवांतल्या गांवांत रविवारीं फिरण्यासाठीं भाऊजींनीं तो खुशाल घ्यावा. परंतु रस्त्यावर चाकोरी किंवा कंगोरा असला कीं तो तिच्यामागें धांवूं पाहतो, आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड रेडियलइतकी नसते. स्कॉटलंडांत पावसाची वाट पाहावी लागत नाहीं. या प्रवासासाठीं आमचा कौल रेडियललाच आहे.

मात्र एक मोह टाळावा. साध्या दुकानांत पंधरा इंची रिमचा १९५/६५ मापाचा टायर स्वस्तांत मिळतो आणि तो चाकावर चढतोही. येथें शाळामास्तराचा हिशेब कामास येतो. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरांत. पुढें दुसरा आंकडा नसला तर कुशीची उंची रुंदीच्या सुमारें ८० टक्के धरतात, म्हणजे १४८. ती दोन्हीकडे मिळून २९६, त्यांत १५ इंचांचे ३८१ मिळविले कीं चाकाचा व्यास ६७७. दुसऱ्या टायरची उंची ६५ टक्के, म्हणून व्यास सुमारें ६३४. पहिलें चाक एका मैलाला ७५७ फेरे घेईल, दुसरें ८०७. एंजिन उगीच तितकें अधिक फिरेल, वेगदर्शकाचा कांटा शंभर दाखवील तेव्हां मोटार चौऱ्याण्णवाच्या आंतच असेल, आणि एवढ्या डौलदार मोटारीच्या कमानींत चाक आजोबांचा अंगरखा घातलेल्या नातवासारखें दिसेल. भाऊजींच्या सौंदर्यदृष्टीला हें शेवटचें कारण पुरेसें व्हावें.

'व्ही' हें अक्षर वेगाच्या पात्रतेचें आहे: ताशीं २४० किलोमीटर, म्हणजे सुमारें १४९ मैल. जाऊबाईंनीं घाबरूं नये. तेवढ्या वेगानें जाण्यास कोणी सांगत नाहीं. जो टायर तेवढी उष्णता सोसण्यास घडविला आहे तो सत्तर मैलांच्या वेगाला निवांत असतो, एवढाच त्याचा उपयोग. तेव्हां या अक्षरांत काटकसर नको.

पुढें रेडियल आणि मागें क्रॉस-प्लाय असें मिश्रण कधींही करूं नये. पुढचीं चाकें रस्ता धरतात, मागचीं सोडतात आणि मोटार गरकन् फिरते. इंग्लंडांत त्यास कायद्यानेंच मनाई आहे. ई-टाइपचीं चाकें तारांच्या आऱ्यांचीं असल्यास आंत ट्यूब घालावी, कारण आरे रिममधून आरपार जातात आणि तेथून हवा निसटते. ट्यूब घालण्यापूर्वीं टायरच्या आंत चिकटविलेले कागद खरवडून काढण्यास कारागिरास बजावावें. तेच कागद घासून ट्यूबला भोंक पाडतात.

आणि टायर चार नव्हे, पांच घ्यावे. मागच्या सामानाच्या कप्प्यांत तळाखालीं जादा चाक असतें. त्याचें वय कोणी पाहात नाहीं, आणि तें काढण्याची वेळ येते ती बहुधा रात्रीं, पावसांत, वस्तीपासून दूर. नव्या टायरवर सांचांतून सुटण्यासाठीं लावलेल्या द्रव्याचा पातळ थर राहिलेला असतो. तो निघून जाईपर्यंत पहिले शंभर मैल भाऊजींनीं लेस्टरच्या आसपासच सावकाश घालवावे, आणि मग उत्तरेचा रस्ता धरावा.