शर्यत इंजिनाची, निकाल टायरचा
धर्माबाद : मोटारसायकलचा सायलेन्सर बदलायचा, मागचे स्प्रॉकेट बदलून घ्यायचे आणि मोकळ्या रस्त्यावर 'पळवून' पाहायची, ही हौस केवळ पुण्या-मुंबईची राहिलेली नाही. तेलंगणच्या सीमेवरील धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावातही तरुणांची चर्चा रंगते ती इंजिनाच्या सीसीवर. टायरचा विषय क्वचितच निघतो. ड्रॅग रेसिंगचे शास्त्र मात्र नेमके टायरपासून सुरू होते.

ही शर्यत सरळ रेषेतली, 402 मीटरची, म्हणजे पाव मैलाची. इंजिनाची सारी ताकद मागच्या टायरच्या तळहाताएवढ्या भागातून रस्त्यावर उतरते. तेथे पकड सुटली, की चाक जागीच गरगरते. सुरुवातीला गमावलेला वेळ पुढे भरून निघणे जवळजवळ अशक्य. म्हणूनच पहिल्या 60 फुटांची वेळ स्वतंत्रपणे मोजली जाते. शर्यतीपूर्वी चाक फिरवून धूर काढतात तो निव्वळ तमाशा नव्हे. त्याने टायर तापतो, त्यावरची धूळ जाते आणि रबर चिकट होते. थंड किंवा वयाने कडक झालेला टायर ही पकड देऊच शकत नाही.

यांत्रिक दोषांचेही तसेच. क्लचप्लेट झिजल्या असतील, तर इंजिन ओरडते पण गाडी रेटा घेत नाही. सैल साखळी स्प्रॉकेटवरून उतरते आणि मागचे चाक जाम करू शकते. ऑइल गळून स्वतःच्याच टायरखाली आले, तर काय होते हे सांगायला नको. अमेरिकेत जून 2008 मध्ये स्कॉट कलिटा हा नामांकित चालक इंजिनाचा स्फोट होऊन मरण पावला. वेग रोखणारे पॅराशूटही नीट उघडले नव्हते. त्यानंतर तेथील सर्वांत वेगवान गटांची शर्यत पाव मैलावरून 1,000 फुटांवर आणली गेली.

लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही शर्यत होत आली आहे. मोटर स्पोर्ट्स महासंघाच्या (एफएमएससीआय) नियमांखालील अशा शर्यतींत धावण्यापूर्वी वाहनाची तपासणी होते. खेळ आणि रस्त्यावरचा उपद्व्याप यांतला खरा फरक हाच. धर्माबादहून ती धावपट्टी पाचशे किलोमीटरहून दूर आहे. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. पण पकडण्याआधी त्याचा टायर तपासतो कोण?

ड्रॅगसाठी मागच्या टायरमधील हवा थोडी कमी ठेवतात, हे ऐकून अनेक जण तोच प्रयोग महामार्गावर करतात. काही सेकंदांच्या धावेत जे चालते, ते तासभर सलग वेगात घातक ठरते. कमी हवेचा टायर सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. तेथील अपघातांनंतर परिवहन विभागाने 2023 मध्ये गुळगुळीत टायरची वाहने प्रवेशापाशीच अडवण्यास सुरुवात केली. जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग झाल्यावर हाच वेग नांदेड जिल्ह्याच्या दाराशी येईल.

नियमानुसार टायरच्या नक्षीची खोली दुचाकीसाठी किमान 0.8 मिलिमीटर, मोटारीसाठी 1.6 मिलिमीटर हवी. टायरचे वय तर त्याच्या कडेवरच छापलेले असते. चार आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुनी गाडी घेताना किलोमीटरचा आकडा सगळेच पाहतात. हा क्रमांक पाहायला वाकावे लागते.