हिवाळ्यातली झाडांची शाळा आपल्या मोहल्ल्यातही भरू द्या

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की मुंबई-पुण्याकडे झाडापाखरांच्या कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा आपलं राज्य २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांची प्रदर्शनं भरतात. मधल्या रविवारी कुठे झाडं ओळखण्याची फेरी, कुठे ओल्या कचऱ्याचं खत, कुठे गुलाबाला डोळा कसा भरायचा याची कार्यशाळा. या गर्दीत आपली माणसं किती दिसतात? आणि का दिसत नाहीत?

एक उत्तर तयार असतं: हे भरल्या पोटाचे शौक आहेत, आपल्याला रोजीरोटीची चिंता. मला हे पटत नाही. माहीमचं निसर्ग उद्यान बघा. धारावीला अगदी खेटून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांवर. तिथे आधी शहराचा कचरा टाकत. त्या ढिगावर माती पसरून झाडं लावली आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे जंगलासारखी सावली आहे, औषधी वनस्पती आहेत, रोपवाटिका आहे. शहराच्या सर्वांत दाट वस्तीच्या दारात ही बाग उभी राहते, मग ती फक्त श्रीमंतांची गोष्ट कशी?

खरी अडचण मला तीन ठिकाणी दिसते. पहिली भाषेची. अशा कार्यक्रमांची जाहिरात बहुतेक वेळा इंग्रजीत येते आणि भाषणंही अर्धी इंग्रजीत होतात. उर्दू माध्यमाच्या मुलीची आई ती जाहिरात मोबाइलवर बघते आणि पुढे सरकवते. वास्तविक या विषयाच्या भाषेत आपलं घर आधीपासून आहे. बाग, गुलाब, अंजीर, हंगाम हे शब्द फारसीतून मराठीत आले. खरीप आणि रब्बी हे मुळात अरबी: खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येतं, त्याचं नाव त्या पिकाला मिळालं. कलम तर अरबीतून आलेला आणि दोन्हीकडे चालणारा शब्द, लिहायचं तेही कलम आणि आंब्याचं बांधायचं तेही कलम. सांगलीचा शेतकरी आणि भिवंडीचा मौलवी हे शब्द सारखेच वापरतात. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुलं चकित होतात.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. उर्दू कवितेमुळे नर्गिस, लाला, सरू ही नावं आमच्या मुलांच्या तोंडी असतात, आणि ती झाडं अंबरनाथच्या हवेत उगवत नाहीत. थंडीच्या सुरुवातीला संध्याकाळी ज्या सातविणीच्या फुलांचा उग्र वास रस्ताभर येतो, तिचं नाव मात्र त्यांना माहीत नसतं. परिसर अभ्यासाचं पुस्तक आहे, पण परिसर पुस्तकाबाहेर आहे.

दुसरी अडचण अंतराची. भायखळा आणि शीव ही दोन्ही स्थानकं आपल्याच मध्य रेल्वेवर आहेत, हे खरं. पण सकाळी सातला तिथे पोहोचायचं तर अंबरनाथहून अंधारात निघावं लागतं. लहान मुलं घेऊन कोण निघेल? म्हणून ही शाळा इथेच भरायला हवी. अंबरनाथ पूर्वेला साडेनऊशे वर्षांहून जुनं शिवमंदिर आहे, शेजारून वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी ही नदी आमच्या कारखान्यांजवळून उल्हासनगरात जाईपर्यंत काय होते, ते नाकाला कळतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात रासायनिक कचरा ओतला गेला आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. त्या वायूने कुणाचा धर्म विचारला नाही.

झाडांची ओळख ही अशा वेळी कामाला येते. २००७ साली राणीच्या बागेत मोठ्या प्राणिसंग्रहालयाचा आराखडा पुढे आला, तेव्हा मुंबईतल्या काही महिला उभ्या राहिल्या. त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, जाती ओळखल्या, ही वनस्पती उद्यानाची वारसा-जागा आहे हे कागदावर मांडलं. नाव माहीत असेल तर अर्ज लिहिता येतो. 'बरीच झाडं तुटतील' या तक्रारीला फाइलमध्ये जागा नसते.

तिसरी अडचण वक्त्यांची. व्यासपीठावर नेहमी पदवीवालेच का? पावसाळ्यात बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या कातकरी, ठाकर बायका, पिढ्यानपिढ्या फळं पारखणारे बागवान, जडीबुटी विकणारे पंसारी, हे सगळे शिकवू शकतात. त्यांना मानधन द्या आणि पुढच्या खुर्चीत बसवा.

आयोजकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो. २०२६ आणि २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होतो, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस, आणि २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा. म्हणजे पुढची काही वर्षं हिवाळी कार्यक्रम आणि रोजे एकमेकांवर येणार. तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरचे रविवार धरलेत तर आमच्या घरच्या बायका-मुली येऊ शकतील.

आणि आपल्या लोकांना: झाड लावणं हा सदका आहे, त्याचं फळ पाखराने खाल्लं तरी पुण्य लागतं, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. मग पाखराचं नाव शिकायला लाज कसली? सालिम अली मुंबईतच वाढले, आणि लहानपणी मारलेल्या एका चिमणीचं नाव विचारायला गेले तिथून त्यांचं आयुष्य बदललं.

फार पैसा लागत नाही. एक शाळेचं मैदान, दोन भाषांतला एक फलक, चार रविवार. या परिसरातल्या शाळांनी, मशिदींच्या कमिट्यांनी आणि नगरपालिकेच्या उद्यान विभागाने एकत्र बसून येत्या नोव्हेंबरची पहिली तारीख ठरवावी. फलक मराठीत आणि उर्दूत लिहून द्यायचं काम माझ्याकडे.